मोरीच्या पाण्यावरचे टोमॅटो

आमच्या घरी टोमॅटो कुणी मुद्दाम पेरत नसे. ते आपसूक उगवायचे. जेवणं झाली की खरकटं परसात केळीच्या बुंध्याशी पडायचं, मोरीचं पाणी चरातून अळवाकडे जायचं, आणि पावसाळा ओसरता ओसरता त्या चराच्या काठाने लव असलेली रोपं डोकं वर काढायची. पान चुरगळून हुंगलं की शंका उरायची नाही. आजी त्यातली दणकट तेवढी ठेवायची, बाकीची मुळाच्या मातीसकट शेजारी वाटून टाकायची. नवरात्रापर्यंत ती रांगेला लागलेली असत, दिवाळीनंतर त्यांना तुरकाट्यांचा आधार मिळे आणि पौषात पहिलं फळ रंग धरे.

आम्ही म्हणजे सत्तरच्या दशकात जन्मलेल्या चुलत-आते भावंडांची एक अख्खी फळी. वाईजवळच्या त्या घरात काही जण वर्षभर वाढलेले, काही नाताळच्या सुट्टीत येऊन पडणारे. आता लग्नामुंजीत भेटलो की जेवणाच्या पंगतीत कुणीतरी कोशिंबीर चिवडत म्हणतंच, "टोमॅटोला चव राहिली नाही रे." एरवी अशा वाक्यावर माझा विश्वास बसत नाही. वय झालं की आंबे, पाऊस, मास्तर सगळंच पूर्वी चांगलं होतं असं वाटू लागतं. पण टोमॅटोच्या बाबतीत या तक्रारीच्या बाजूने पुरावा आहे, आणि तो बराचसा आमच्या परसातच होता.

गंमत अशी की हे टोमॅटो जिने वाढवले त्या आजीने आयुष्यात एक फोड तोंडात घातली नाही. लाल रंग मांसाची आठवण देतो, म्हणून तिला तो वर्ज्य. श्राद्धाच्या स्वयंपाकात आणि चातुर्मासात तर नावच नको. तेव्हा अशी पुष्कळ घरं होती. आमच्या वाट्यांत टोमॅटोचं सार असे तेव्हा तिच्या वाटीत आमसुलाचं. तरीही फळ कधी तोडायचं हे ठरवायचा अधिकार तिचाच. ती ओढत नसे. फळ तळहातावर घेऊन किंचित वर उचलायची. देठावर जी गाठ असते तिथून ते आपण होऊन सुटलं तर घ्यायचं, नाही सुटलं तर हात काढून पुढे. "अजून त्याचं मन नाही," एवढंच म्हणायची. मग देठाची बाजू नाकाशी नेऊन टोपलीत ठेवायची. चव माहीत नसणाऱ्या बाईइतकी चवीची राखण आमच्या घरात दुसऱ्या कुणी केली नाही.

राखण करावी लागे ती मुख्यतः आमच्यापासून. चोरून तोडलेलं फळ अर्धं कच्चं निघायचं, ते गडग्यापलीकडे फेकलं की पुरावा संपला असं वाटे. पण टोमॅटोच्या झाडात हात घातला की बोटांना काळपट हिरवी राप बसते. हात कोरडा असेपर्यंत ती फारशी दिसत नाही. मोरीत हातावर साबण चोळला की फेस पिवळाहिरवा होऊन वाहू लागतो. जेवायच्या आधी सगळ्यांना रांगेने हात धुवायला लावून आजी दारात उभी राहायची आणि फेसाकडे बघायची. चौकशी, शपथा, रडारड काही नाही. ज्याचा फेस हिरवा त्याला त्या दिवशी कोशिंबीर नाही.

ते फळ आजच्या बाजारात कुणी घेणार नाही. चपटं, कडेने भोपळ्यासारख्या फाका पडलेलं, साल पातळ, आणि पिकल्यावरही देठाजवळचा खांदा हिरवाच. काकू तो भाग कापून काढताना कुरकुरायची. पुढे कळलं की गोम त्या हिरव्या खांद्यातच आहे. तिथलं हरितद्रव्य फळातच साखर तयार व्हायला हातभार लावतं. पण सगळीकडून एकसारखं लाल होणारं फळ देखणं दिसतं, तोडणीला सोपं जातं, म्हणून सुमारे सत्तर वर्षं जगभरच्या पैदासकारांनी तसलीच झाडं निवडली. त्या निवडीत खांदा हिरवा करणारं जनुकच निकामी झालेलं होतं आणि त्याबरोबर थोडी गोडीही गेली, हे 2012 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

बाकी कारणं साधी होती. थंडीत मोरीला पाणी बेताचं, त्यामुळे फळ लहान आणि रस दाट. गोधड्या धुवायला काढल्या की चर दुथडी भरायचा आणि दुसऱ्या दिवशी पिकू आलेले टोमॅटो तडकलेले दिसायचे. तडकलेलं टिकत नाही, म्हणून ते पोरांचं. दुपारच्या उन्हाने कोमट झालेलं फळ, तडकलेल्या जागी चिमटीने मीठ, आणि पुढे वाकून खायचं, कारण रस कोपरापर्यंत येतो. गोधड्यांची आम्ही वाट बघायचो! अळी पडू नये म्हणून आजी पानांवर राख फेकायची. दसऱ्यासाठी लावलेला झेंडूही त्याच चराशी असे. फळ पोखरणारी अळी झेंडूकडे ओढली जाते, म्हणून टोमॅटोच्या शेतात त्याच्या ओळी लावायला कृषिशास्त्रज्ञ सांगतात. आजीच्या डोक्यात फक्त तोरण होतं.

थोरल्या काकूची कोशिंबीर हा स्वतंत्र विषय आहे. ती टोमॅटो ताटात चिरायची, पाटावर नाही. रस वाया जाता कामा नये. बियांभोवतीचा बुळबुळीत गर कुणी काढून टाकायला लागलं तर ओरडायची. खरी चव त्या गरात असते, हे तिला पदार्थ करता करताच उमगलं होतं. दाण्याचं कूट, मीठ, चिमूटभर साखर, वर तुपाची जिरं-मिरचीची फोडणी, आणि वाढायच्या क्षणीच कालवायचं. झाडं थकली की उरलेल्या हिरव्या फळांची तीळ घालून चटणी व्हायची. संक्रांतीचे तीळ डब्यात उरलेलेच असत.

मग घरात फ्रिज आला. कौतुकाने सगळे टोमॅटो त्यात गेले आणि कोशिंबिरीचं काहीतरी बिनसलं. दोष कुणी कुटाला दिला, कुणी फोडणीला. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं की पिकलेलं फळ आठवडाभर पाच अंशांवर ठेवलं की गंधद्रव्यं तयार करणारी जनुकं मंदावतात आणि बाहेर काढल्यावरही गंध पूर्ण परतत नाही. आंबटगोड तसंच राहतं, वास जातो. आजीने फ्रिजकडे बघून नाक मुरडलं होतं, पण ते विटाळाच्या कारणाने.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत बाजारात वैशाली, रूपाली अशी संकरित वाणं आली आणि टोमॅटोचं गणितच पालटलं. नारायणगाव, पिंपळगाव बसवंत इथल्या क्रेटच्या थप्प्या पाहिल्या की कळतं, या फळाला आधी प्रवास करायचा असतो, मग पिकायचं. म्हणून ते नुसती लाली चढताच तोडतात. शेतकऱ्याला यासाठी बोल लावणं मला पटत नाही. 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला तेव्हा सगळ्या देशाने आरडाओरडा केला. भाव पडून माल रस्त्यावर ओतावा लागतो त्या वर्षी तो आवाज कुठे असतो? साल पातळ आणि चव जुनी हवी असेल तर चार कुंड्या आपल्या आपण लावाव्यात.

तशा त्या आता भावंडांत बऱ्याच जणांनी लावल्या आहेत. दादाच्या पुण्यातल्या गच्चीवर आहेत. तो उतावळा, म्हणून तोडायचं काम वहिनीने स्वतःकडे ठेवलंय. आत्याची मुलगी न्यू जर्सीत असते. तिथल्या लोकांना आपल्या टोमॅटोचा केवढा अभिमान! रटगर्स विद्यापीठाने 1934 मध्ये काढलेलं त्याच नावाचं वाण अजूनही लोक घरामागे लावतात. तिचा हंगाम ऑगस्टचा, आपल्या श्रावणातला, म्हणजे आजीच्या पंचांगात टोमॅटो निषिद्ध असण्याचा. गेल्या ऑगस्टमध्ये तिने पहिल्या फळाचा फोटो भावंडांच्या ग्रुपवर टाकला. दादाने लगेच विचारलं, खांदा हिरवा आहे का? तिचं उत्तर आलं, "होता. फोटो काढून आत गेले तेवढ्यात खारीने खाल्ला."