बागेची वही

रोजनिशी लिहिण्याचा उत्साह आपल्याकडे बहुधा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच संपतो. स्वतःविषयी रोज लिहावे असे माणसाच्या आयुष्यात फारसे घडत नाही. बागेचे तसे नाही. तेथे रोज काही ना काही घडते, आणि ते आपल्या सोयीने घडत नसल्यामुळे टिपून ठेवण्याजोगे असते. इंग्लंडातील सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाईट या धर्मोपदेशकाने १७५१ साली अशी वही धरली. काकडी-खरबुजांच्या वाफ्यांच्या नोंदी करता करता त्याची नजर तयार झाली, आणि १७८९ साली त्याचा सेलबोर्नविषयीचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला.

ग्रंथाची आकांक्षा मला नाही. परंतु वर्ध्यास बिऱ्हाड केल्यापासून मीही वही ठेवली आहे. तारखेशेजारी मी नक्षत्रही लिहितो. कारण 'मृग लागला' एवढ्याने आमच्या माळ्याला जे कळते, ते जूनच्या तारखेने कळत नाही.

आमच्या परसातील पपया दरसाल मरत. "वर्ध्याचे ऊन! येथे पपई कसली जगते?" असे शेजारी म्हणत. "अहो, उन्हाळाभर विहिरीचे पाणी घालायचे ते कशासाठी? पुढल्या वर्षी पपई नकोच," असा घरातूनही निकाल लागण्याच्या बेतात होता. तेव्हा मी तीन वर्षांच्या नोंदी काढल्या. वैशाखात पाने दुपारी माना टाकीत, पण सायंकाळी पुन्हा सावरत. मृत्यू मात्र सारे आश्लेषा-मघांतले, झडीनंतरचे! अपराधी ऊन नव्हतेच. आमची काळी माती भिजली की फुगते, तिच्यातून पाणी निचरत नाही, आणि हवेवाचून पपईची मुळे कुजतात. जो ओलावा धरून ठेवण्याचा गुण कापसाला पोसतो, तोच पपईच्या जिवावर उठतो.

मौज अशी की, उन्हाचा जाच आम्हांला होतो, म्हणून झाडांचा खून आम्ही त्याच्या माथी मारला; पाऊस आम्हांला सुखवितो, म्हणून त्याला निर्दोष सोडले. आठवण ही नेहमी आपलीच वकिली करते. वही तेवढी साक्ष देते.

पुढल्या वर्षी हातभर उंच वरंब्यावर सहा रोपे लावली आणि दोन्ही बाजूंनी चर खणले. मघा सरल्या तेव्हा पाच उभी होती. सहावे का गेले, ते वहीवरून उमगत नाही. सौभाग्यवतींनी पपईला आणखी एक वर्षाची मुदत दिली आहे. अट एवढीच, की यापुढे पावसाळ्यातल्या नोंदी त्या स्वतः करणार.