हवेला वाट द्यावी

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली ही गाडी हौसेने सांभाळणारे मात्र अजून आहेत. तिच्या १०८९ सीसीच्या इंजिनाची माया एकदा जडली की सुटत नाही, आणि त्या मायेत पाण्याची निगा आलीच.

रेडिएटरचं पाणी बदललं, नवा होस पाईप घातला, की कुठेतरी हवा राहून जाते. मेकॅनिक गुडगुड ऐकून सांगतो, ‘हवा धरलीय.’ ही हवा इंजिनाच्या माथ्यावर, म्हणजे जिथे उष्णता सर्वांत जास्त तिथेच, ठाण मांडून बसते. पाण्यासारखी उष्णता ओढून घेणं तिला जमत नाही, आणि पंपाच्या पात्यांनाही ती दाद देत नाही. तापमानाचा सेन्सर हवेत सापडला तर काटा निवांत खाली राहतो आणि आत हेड भाजत असतं. मग बोरघाटात हेड गॅस्केट जातं.

या हवेशी जोर करून भागत नाही. वर जाणं हा तिचा स्वभाव. तिला वरची वाट मोकळी करून द्यावी. जुन्या थर्मोस्टॅटच्या चकतीवर बारीकसं भोक असतं आणि त्यात सैल हलणारी एक पिन. झडप बंद असतानाही हवा त्यातून निसटते. म्हणून बसवताना पिन वरच्या अंगाला हवी. केवढा समंजसपणा आहे त्या टाचणीएवढ्या तुकड्यात!

गाडी गार असताना तिचं नाक चढाला लावावं, रेडिएटरचं झाकण काढावं, बारीक धारेनं कूलंट ओतावं. इंजिन सुरू करून संथ चालू द्यावं. पाणी ऐंशी अंशांच्या पुढेमागे गेलं की थर्मोस्टॅट उघडतो. वरचा होस एकाएकी गरम लागतो, बुडबुडे फुटतात आणि पातळी घटकन खाली जाते. होस फडक्यानं हलकेच दाबत राहावं, भर घालावी, बुडबुडे थांबले की झाकण लावावं. तापलेल्या गाडीचं लावलेलं झाकण मात्र कधीही उघडू नये. दाब सुटताच उकळतं पाणी अंगावर येतं.

नव्या गाड्यांत हवा बाजूच्या टाकीत बऱ्याच अंशी आपली आपण जाते. पद्मिनीजवळ माणसाला उभं राहावं लागतं, आणि तेवढ्या वेळात इंजिन आतून कसं जगतं ते हाताला कळतं. दुसऱ्या दिवशी, गाडी पूर्ण गार असताना, पातळी पुन्हा पाहावी. ती जागची हलली नसेल, तर बेलाशक घाट चढावा.