सावलीचा आकडा

२८ मार्च २०१७ रोजी रोह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या भिरा येथे पारा ४६.५ अंशांवर गेला. समुद्र इतका जवळ असता कोकणात एवढा उन्हाळा! आम्ही पेणकर चकित झालो. मुलांनो, हवामानाचा तापमापक सावलीत, हवेशीर लाकडी पेटीत टांगलेला असतो. म्हणजे हा आकडा सावलीचा.

माझ्या घरावर मंगलोरी कौले आहेत. त्यांच्या फटींतून तापलेली हवा निघून जाते. खाली माळाही आहे. त्या वैशाखात भर दुपारी मी जवळच्या कातकरी वाडीवर गेलो, तो पत्र्याखाली एक वृद्धा सुपाने नातवाला वारा घालीत बसलेली.

"पूर्वीचे घर कसे होते?" मी विचारले.

"कुडाचं, गुरुजी. वर पेंढा. गार असायचं, पण दरसाल शाकारावं लागायचं. आता गवत कुठलं?"

पेंढ्याच्या थरांत हवा कोंडलेली असते. ती उष्णतेला सहसा वाट देत नाही. पत्रा मात्र पाहता पाहता तापतो आणि ती झळ खाली सोडतो. तो स्वस्त, टिकाऊ, म्हणून गरिबाच्या माथी येतो.

मुलगा आणि सून वीटभट्टीवर गेली होती. तेथे राहावयास कच्च्या विटा रचून केलेले खोपटे. भाजलेल्या विटा दुसऱ्यांच्या घरांसाठी जातात. मृगाच्या आधी दोघे परततील, असे ती म्हणाली.