बोटावरचा आंकडा

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझ्या आजोबांच्या हृदयावर नागपूर येथें शस्त्रक्रिया झाली. आमचें गांव तुमसर तालुक्यांतील. घरचा धंदा धानाच्या शेतीचा. धान कापणीस आलेलें होतें, आणि शस्त्रक्रियेहूनही आजोबांना त्याचीच चिंता अधिक होती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं अतिदक्षता विभागाच्या कांचेच्या दाराशीं उभें राहून त्यांस पाहण्याची मला परवानगी मिळाली. सन २०२०-२१ च्या साथींत घरोघरीं परिचित झालेला तो चिमटा त्यांच्या बोटाला लावलेला होता. पडद्यावर आंकडा होता ९८. मीं तत्काळ आजीला फोन केला. "आतां काळजी नको, प्राणवायु अठ्ठ्याण्णव आहे!" आजीनें विचारलें, "पाय ऊन आहेत का रे त्यांचे?" मला हंसूं आलें. इतकें यंत्र असतां पायांचें काय विचारावयाचें!

आजोबांच्या कपाळावर दोन पट्ट्या चिकटविलेल्या होत्या. त्यांचा आंकडा दुसऱ्या पडद्यावर उमटत होता. पहाटे ७० असलेला तो आंकडा ५२ वर उतरला, तेव्हां डॉक्टरबाई लगबगीनें आल्या. बोटाच्या आंकड्यावर त्या विसंबल्या नाहींत. त्यांनीं आजोबांचीं पावलें हातानें चाचपून पाहिलीं, लघवीची पिशवी पाहिली आणि रक्त तपासणीस पाठविलें. हिमोग्लोबिन बरेंच खालीं गेलें होतें. रक्त चढविण्यास आरंभ झाला. तो तास मीं कसा काढला, तें सांगवत नाहीं.

सायंकाळीं बाईंनीं मला सर्व समजावून दिलें. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारें १.३४ मिलिलिटर प्राणवायु वाहून नेतें. निरोगी मनुष्याचें हृदय विश्रांतीच्या वेळीं मिनिटाला सुमारें ५ लिटर रक्त पुढें ढकलतें. त्यांतून शरीराला सुमारें १००० मिलिलिटर प्राणवायु पोहोंचतो. हिमोग्लोबिन निम्मे झालें आणि हृदयानें आपला जोर वाढविला नाहीं, तर हा पुरवठाही निम्मा होतो. बोटावरचा आंकडा मात्र तसाच राहूं शकतो. कारण जें हिमोग्लोबिन उरलें आहे त्याचा किती भाग प्राणवायूनें भरलेला आहे, एवढेंच तो सांगतो. शिवाय सांवळ्या कातडीवर तो कधीं कधीं खऱ्याहून अधिक दिसतो, हेंही आपण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

या चिमट्याचें तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनीं १९७४ सालीं मांडलें. मौज अशी कीं, हृदय किती रक्त ढकलतें तेंच ते कानांतून प्रकाश पाठवून मोजूं पाहत होते. नाडीच्या ठोक्यांनीं त्यांत सारखा व्यत्यय येई. त्या ठोक्यांचाच त्यांनीं उपयोग करून घेतला. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या वेळीं हृदय थांबवून त्याचें काम यंत्राकडे दिलें, म्हणजे नाडी नाहीं आणि चिमटा मुका. कपाळाच्या पट्टीला नाडी लागत नाहीं. डोळ्यांस न दिसणारा विशिष्ट प्रकाश कवटीपार जाऊन मेंदूंतील प्राणवायूची वार्ता आणतो, हें फ्रान्स योब्सिस यांनीं १९७७ सालीं दाखविलें. मेंदूनें आपला वांटा घेतल्यावर शिरांतून परतणाऱ्या रक्ताचाच त्या आंकड्यांत मोठा भाग असतो. दोहोंतही सुई टोंचावी लागत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं आजोबा बोलूं लागले, तेव्हां मीं हें सारें त्यांना ऐकविलें. ते डोळे मिटूनच म्हणाले, "म्हणजे गाड्या काठोकाठ भरलेल्या, पण निघाल्या थोड्या. मग लोक एकेक गाडी तळापर्यंत उपसणारच. तुझ्या बोटाच्या यंत्रानें जाणाऱ्या गाड्या पाहिल्या, कपाळाच्या यंत्रानें परतणाऱ्या." थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, "धान कापलें का?"

पण आजीला दुसरा फोन मीं आदल्या रात्रींच केला होता. कपाळाचा आंकडा ६८ वर चढला होता, तो मीं तिला सांगितला नाहीं. आंत जाण्याची परवानगी मिळतांच मीं पांघरुणाखालीं हात घालून पाहिलें होतें.

"आजी, पाय ऊन आहेत."