स्वस्त प्लेयर, महाग सुधारणा

स्वस्त एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) प्लेयर उघडून त्यातले ऑप-अँप, कपॅसिटर बदलण्याचा सोस मला पटत नाही. सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या पुढे जाणारी ही तबकडी सोनी-फिलिप्सने १९९९ मध्ये आणली. पण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेयर-मोरन यांच्या चाचण्यांत तोच ध्वनी सीडीच्या मापात उतरवला, तरी नेहमीच्या आवाजात श्रोत्यांना फरक ओळखता आला नाही. मग या तबकड्या सरस का वाटतात? बहुधा मास्टरिंग निगुतीने केलेलं असतं म्हणून, आणि ते स्वस्त यंत्रातूनही ऐकू येतं. कोणी म्हणेल, सुधारणेनंतर फरक स्पष्ट कळतो. कळतही असेल; पण आवाजाची पातळी काटेकोर जुळवून, कोणतं यंत्र वाजतंय हे न कळू देता तुलना केली का? किंचित मोठा आवाज कानाला उगीचच गोड लागतो. पैसे स्पीकरवर घालावेत, किंवा लेझर पिकअपवर; बहुधा झिजतो तो तोच.