आधी कान, मग डोंगल

रत्नागिरी,
आषाढ वद्य पंचमी

चि. बाळूस,

तुझा निरोप वाचला. टीव्हीला ब्लूटूथचं डोंगल लावलंस, दादाच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, कानांवर हेडफोन चढवलास आणि खाली लिहिलंस, "आत्या, आता घरात एकदम शांतता. आईची कटकट संपली." ते शेवटचं वाक्य माझ्या मनातून जात नाही. फोनवर तू "हो हो" म्हणतोस आणि विषय तिथेच राहतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. तू मला विचारलंस ते एवढंच, की ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो तर दुसरं कुठलं डोंगल घ्यावं, आणि हेडफोन लावला की टीव्ही मुका होतो तर आईने काय ऐकावं. त्याची उत्तरं देते. पण तुझी आई, माझी वहिनी, टीव्हीच्या आवाजावरून बोलायची ती कटकट नव्हती रे. दादाला कमी ऐकू येतंय हे सांगणारी घरातली ती एकच खूण होती, आणि तू ती बंद करून गेलास.

आधी तुझे प्रश्न. डोंगल तू टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात खोचलं आहेस. तिथे पिन गेली की बहुतेक टीव्ही आपला स्पीकर आपणच बंद करतात, त्यात डोंगलचा दोष नाही. सेट-टॉप बॉक्सच्या मागे बघ. बॉक्सपासून टीव्हीपर्यंत एचडीएमआयची वायर गेली आहे, त्यामुळे लाल, पांढरं, पिवळं ही गोल सॉकेटं रिकामीच असतील. डोंगलची वायर लाल आणि पांढऱ्यात घाल. बॉक्स सहसा दोन्हीकडे एकाच वेळी आवाज देतो, म्हणजे बॉक्सचा आवाज वर ठेवायचा, टीव्हीचा वहिनीला सोसेल तेवढा, आणि दादाचा हेडफोन वेगळा. ऑप्टिकल वायरचं डोंगल असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज पीसीएमवर ठेवावा लागतो. तो डॉल्बीवर राहिला तर ही छोटी डोंगलं काहीच ऐकवत नाहीत. मागच्या पडवीत आवाज तुटतो म्हणालास, त्याचं कारण आपल्या भिंती. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि त्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. जांभा सच्छिद्र, आषाढात तो पाणी पिऊन बसलेला, त्यात भिंतीची जाडी. तुझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये दोन खोल्यांपलीकडे पोचणारा आवाज इथे माजघराच्या उंबऱ्याशीच अडायचा. डोंगल टीव्हीच्या पाठीमागे दडवू नकोस, वायरने पुढे काढ, आणि वायफायचा राउटर त्याच पट्ट्यात बोलतो, तो शेजारून हलव. पडवीतलं मात्र सोडून दे. हेडफोन लावून दादाने घरभर फिरावं असं मला मुळीच वाटत नाही. का ते पुढे येईल.

आता उशीर. डोंगल आवाज आधी दाबून लहान करतं, तुकड्यातुकड्यांनी पाठवतं, आणि मध्येच एखादा तुकडा हरवला तर खंड पडू नये म्हणून हेडफोन थोडा साठा हाताशी ठेवूनच तो उलगडतो. या साऱ्याला वेळ लागतो. एसबीसी नावाची पद्धत प्रत्येक ब्लूटूथ हेडफोनला यावीच लागते, आणि तिच्यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आवाज चित्राच्या १२५ मिलिसेकंदांच्या आसपास मागे पडला की पाहणाऱ्याला जाणवू लागतो असं धरलं आहे. म्हणजे तुझं डोंगल बिघडलेलं नाही, ते नेमाने मागे पडतं आहे. ॲप्टएक्स लो लेटन्सी या पद्धतीत उशीर ४० मिलिसेकंदांपर्यंत खाली येतो, पण ती डोंगलला आणि हेडफोनला दोघांनाही यावी लागते. एकालाच येत असेल तर दोघं गुपचूप एसबीसीवर उतरतात, आणि महागाचं डोंगल घेऊनही तिथेच राहतोस. इतकं तुला दुकानदारानेही सांगितलं असतं. तू स्वतः लावून पाहिलंस तेव्हा तुला आवाज "किंचित मागे" वाटला आणि चाललं. दादा मात्र "काही समजत नाही" म्हणाला. तेच डोंगल, तोच हेडफोन, तीच बातमी. असं का, हा प्रश्न तुला पडला नाही याचं मला वाईट वाटतं.

दादा ओठ वाचतो आहे, बाळू. त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसेल. कान हळूहळू मंदावतात तेव्हा माणूस नकळत डोळ्यांनी ऐकायला लागतो. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो आणि निसटलेलं अक्षर तिथून भरून काढतो. आवाज पाव सेकंद मागे पडला की ओठांचा तो आधार जातो, उलट ओठ एक अक्षर दाखवतात आणि कानात दुसरं येतं. तुला जी बारीकशी गैरसोय वाटली ती त्याच्यासाठी समजणं आणि न समजणं यांतला फरक आहे. एकदा हे ध्यानात आलं की मागच्या कितीतरी गोष्टी जुळतात. आकाशवाणी रत्नागिरी ऐकल्याशिवाय ज्याचा दिवस सुरू होत नसे त्याने रेडिओ सोडला, आणि रेडिओला ओठ नसतात. फोन वाजला की तो वहिनीच्या हातात देतो. करोनात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा तो बाजारात जाईनासा झाला, आपण सगळ्यांनी ती भीती समजली. थिबा राजवाड्यावरचा आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव "गर्दी असते" म्हणून सुटला. प्रत्येकाला कारण मिळालं, म्हणून कुणी कानांकडे पाहिलंच नाही.

मग हेडफोन लावल्यावर त्याला बरं का वाटतं? कारण खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. टीव्ही दहा फुटांवर, मध्ये पंख्याची घरघर, कौलांवर पावसाचा मारा, भिंतींवरून परतणारा घुमारा. हेडफोन हे सगळं वगळून आवाज थेट कानाशी आणतो. पण तो आवाज वाढवतो, कानातली उणीव भरत नाही. वयाने येणाऱ्या बहिरेपणात आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. बोलण्याचा जोर स्वरांत असतो आणि ते खालच्या पट्टीत असतात, म्हणून "आवाज येतो" असं माणूस खात्रीने सांगतो. अर्थ वेगळा करणारे स, श, फ, ख मात्र वर, दोन हजार हर्ट्झच्या पुढे असतात. सात, हात, खात हे तीन शब्द दादाला जवळजवळ एकच वाटत असतील. आवाज नुसता चढवला तर स्वर ओरडू लागतात आणि व्यंजनं तरीही पुसटच राहतात. म्हणूनच तो "ओरडू नका" आणि "काय म्हणालात" ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणतो, आणि तुम्ही चिडता. बायकांचे आणि मुलांचे आवाज पातळ, ते या पट्टीत आधी हरवतात. म्हणजे दादाला ज्या आवाजाची सगळ्यात जास्त गरज आहे, चाळीस वर्षांच्या संसारातला वहिनीचा, तोच सगळ्यात आधी जातो आहे. तुझ्या डोंगलमुळे टीव्हीवरची बाई त्याला ऐकू येऊ लागली आणि घरातली बाई आणखी लांब गेली.

माझं म्हणणं याच एका गोष्टीवर उभं आहे. डोंगल कानापर्यंत पडद्याचा आवाज आणतं आणि बाकी सगळं बाहेर ठेवतं. कानाचं मशीन घरच आत आणतं. दोघांना "ऐकायला मदत" या एकाच नावाखाली बसवू नये. वहिनीचे गुडघे कसे आहेत तुला माहीत आहे, न्हाणीघराची फरशी पावसाळ्यात कशी होते तेही माहीत आहे. ती तिथे पडली आणि हाक मारली तर दादा सात फुटांवर हेडफोन लावून बातम्या ऐकत असेल. तुला हे अतिशयोक्त वाटेल. पण आपला जिल्हा रात्री निर्धास्त झोपावं असा राहिलेला नाही. तिवरे धरण फुटलं ते २ जुलै २०१९ च्या रात्री, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. शहरात आपल्याला धरणाची भीती नाही म्हणशील, खरं आहे. वीज जाणं, झाड पडणं, शेजाऱ्याने दार ठोठावणं हे तर आहे ना? पंचाहत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांच्या घरात ऐकणं हा नुसता करमणुकीचा भाग नसतो.

तू म्हणशील, आत्या, मशीन मिळेपर्यंत डोंगल वापरलं तर बिघडलं काय? बिघडतं ते असं, की तक्रार संपली की तपासणीही संपते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात म्हटलं आहे की ज्यांना कानाच्या मशीनचा उपयोग होईल त्यांच्यापैकी जेमतेम १७ टक्के लोक ते वापरतात. बाकीच्यांनी आपापल्या घरात काही ना काही सोय शोधलेली असते, कुणी आवाज चढवून, कुणी बोलणंच कमी करून. आणि हेडफोनवर किती मोठा आवाज चालू आहे हे आता घरात कुणालाच ऐकू येत नाही, आणि आवाज किती सोसावा यालाही मर्यादा आहे. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित धरलं आहे, आणि दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. ९५ डेसिबलला तो आठवड्याला सव्वा तासावर येतो. कमी ऐकणारा माणूस आवाज चढवणारच, आणि दादा रोज किती वेळ टीव्हीसमोर असतो ते तू पाहून गेला आहेस. कानातल्या उरलेल्या केसपेशी गेल्या की परत येत नाहीत. आणखी एक, कानाच्या आत खोचायचे इअरबड त्याला पावसाळ्यात मुळीच देऊ नकोस. आपल्या दमट हवेत कानात बुरशी धरायला वेळ लागत नाही, आणि वहिनीला सांग, त्याच्या कानात तेलही घालायचं नाही.

तो मशीन लावणारच नाही, हा तुझा दुसरा आक्षेप मला आत्ताच ऐकू येतो आहे. अरे, त्याने हेडफोन लावला ना? डोक्यावरून आडवा जाणारा, कानापेक्षा मोठा, सगळ्यांना दिसणारा. मग कानामागे दडणाऱ्या मशीनची लाज कुठून आली? लाज त्याला नाही, आपण "म्हातारपणाची खूण" असं कुजबुजतो ती आपली आहे. पैशांचं म्हणशील तर वृद्धांना अशी मशीनं देणाऱ्या सरकारी वयोश्री योजनेत तो बसणार नाही, त्याला पेन्शन आहे. खर्च तुलाच करावा लागेल आणि तू तो कर, इतकं स्पष्ट मी पहिल्यांदाच सांगते आहे. यात डोक्याचाही प्रश्न आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत कमी ऐकू येण्याला सगळ्यात वरच्या वजनाच्या दोन कारणांत ठेवलं. कारण आणि सोबत यांत फरक असतो हे मी जाणते. अमेरिकेत ९७७ वयस्कांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मशीन दिलेल्यांना सरसकट फायदा दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांत बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. दादाचा रक्तदाब आणि साखर पाहता तो कोणत्या गटात बसेल याचा विचार तू कर. माझी तर त्या भीतीने झोप उडते.

म्हणून दुसरं डोंगल आत्ता घेऊच नकोस. आधी त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे ने. पहिल्यांदा मळ आहे का ते बघतील, कधी कधी अर्धं दुखणं तेवढंच असतं. मग ऑडिओमेट्री. त्याचा कागद नुसता फाइलला लावू नकोस, समोर धरून बघ. उजवा कान लाल गोलांनी, डावा निळ्या फुल्यांनी काढतात, डावीकडे २५० हर्ट्झ, उजवीकडे ८०००, आणि रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. रेघ उजवीकडे उताराला लागलेली असेल तर वर लिहिलेलं सगळं तुला एका नजरेत पटेल. इथे समाधान झालं नाही तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे. मशीन निवडताना एवढं विचार की टीव्हीचा आवाज त्यात थेट येतो का. साधं डोंगल बहुतेक मशीनशी जुळत नाही. काही कंपन्या स्वतःचं वेगळं यंत्र देतात, आणि ऑराकास्ट ही नवी सोय असलेली मशीनं आता येऊ लागली आहेत. म्हणजे कुठलं डोंगल घ्यावं या तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या लाल-निळ्या कागदानंतरच मिळणार आहे.

हे गणपतीच्या आधी व्हायला हवं. नव्या मशीनची सवय व्हायला काही आठवडे जातात. भाद्रपदात घर भरल्यावर आरत्या आणि झांजांच्या गलक्यात ते पहिल्यांदा कानात गेलं तर दादा काढून कपाटात ठेवील, आणि मग कुणाचंच ऐकणार नाही. श्रावणातला एखादा शनिवार-रविवार काढ. तारीख मला कळव, वहिनीला नको, ती दादाला आधीच सांगून टाकेल. तोवर रोज रात्री फोन कर आणि तो दादाच्याच हातात द्यायला सांग. सावकाश बोल, ओरडू नकोस.

तुझी,
आत्या