खोक्याबाहेरचा आवाज

यंदा विद्यार्थ्यांचं एकही काम मी खोक्यातून पाहिलं नाही. कानाच्या आतले बारीक स्फटिक जागचे हलले की चक्कर येते, तशी मला येऊ लागली. डॉक्टरांनी मान झटकन वळवायला मनाई केली आणि भिंगांचं खोकं डोळ्यांना लावायचंच नाही, असं बजावलं.

कोल्हापुरात शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी मोबाइलवरचा, म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यात मोबाइल ठेवून भिंगांतून बघायचा व्हीआर शिकवते. मुलं तीनेक मिनिटांची ३६० अंशांची फिल्म करतात आणि वर्गासमोर ती सादर करतात. गुण मुख्यतः सादरीकरणाला. आजवर पहिलं खोकं माझ्या डोळ्यांना लागायचं. मी आत असेपर्यंत वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावं अशी शांतता, आणि खोकं खाली ठेवलं की सगळ्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर. ते मला फार आवडायचं. ते गेल्याची हळहळ मला चक्करेपेक्षा जास्त लागली, आणि पहिल्या बाकावरच्या ज्या मुलीला माझ्याऐवजी पहिलं खोकं मिळालं, तिचा मला चक्क हेवा वाटला.

पण बाहेर बसावं लागल्यामुळे एक अडचण सारखी डोळ्यांसमोर राहिली. ती पूर्वीही होती, फक्त मी नेमकी त्या वेळी आत असायचे. खोकी पाच-सहा, वर्ग तिसाच्या आसपास. जे खोक्यात आहेत त्यांना सादर करणारा दिसत नाही. जे बाहेर आहेत त्यांना पडद्यावर कुठल्या तरी एकाच मोबाइलचं सपाट चित्र दिसतं. मधे उभा राहिलेला मुलगा बोलतोय. तो बोलतोय कुणाशी?

सगळ्यात घोळ होतो तो दिशांचा. मुलगा सांगतो, ‘आता उजवीकडे बघा.’ एव्हाना एकजण फिरत्या खुर्चीवर पूर्ण मागे वळलेला असतो, दुसरी वर पत्र्याकडे बघत असते, तिसरा पाण्यात. प्रत्येकाची उजवी बाजू वेगळी. पाचजण आज्ञाधारकपणे पाच ठिकाणी बघतात आणि सांगणाऱ्याला वाटतं, आपलं ऐकलं. वर्षानुवर्षं मुलं हे वाक्य म्हणत आली आहेत. ‘समोर’ म्हणून सुटका होत नाही, कारण खोक्यातल्या माणसाला तो बघेल तेच समोर.

जोतिबाच्या यात्रेत लहानपणी बायस्कोपवाला पाहिला होता. डोळे पेटीच्या भोकाला, आवाज बाहेर. आमचा प्रकार वरवर तोच. पण त्या माणसाच्या हातात दोरी असायची. चित्र तोच सरकवायचा, त्यामुळे आतल्या पोराला या क्षणी काय दिसतंय ते त्याला पक्कं ठाऊक असायचं. आमच्या मुलाने एकदा प्ले दाबलं की त्याच्या हातात काही उरत नाही.

हे ज्यांनी नीट ओळखलं होतं त्यांचं काम बंद पडलं, याचं मला अजून वाईट वाटतं. गूगलचं एक्स्पिडिशन्स नावाचं ॲप होतं. त्यात शिक्षकाच्या टॅबवर प्रत्येक विद्यार्थ्याच्या नजरेच्या जागी एक हसरा चेहरा दिसायचा. कोण कुठे बघतंय ते कळायचं. शिक्षकाने चित्रातल्या एखाद्या जागेवर बोट ठेवलं की विद्यार्थ्याच्या खोक्यात त्या दिशेला बाण उमटायचा. दोरी परत हातात आली होती. ते २०२१च्या जूनमध्ये बंद झालं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गूगलने आपलं पुठ्ठ्याचं खोकं, कार्डबोर्ड, विकणंही थांबवलं. पॅरिसमधल्या दोघा इंजिनिअरांनी केलेलं हे खोकं २०१४ साली जगासमोर आलं. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दहा लाखांहून जास्त वर्गणीदारांना ते रविवारच्या अंकासोबत घरपोच दिलं. २०१९पर्यंत दीड कोटीहून जास्त खोकी जगभर गेली होती. आणि मग एकदम सगळ्यांना ते पोरकट वाटायला लागलं.

मला वाटत नाही. महागडे हेडसेट घेतलेली महाविद्यालयं मी पाहिली आहेत. एका ठिकाणी ते तपासणी समिती येण्याच्या दिवशी कपाटातून बाहेर निघतात, टेबलावर मांडले जातात आणि समिती गेली की पुन्हा कुलूपबंद होतात. मुलांच्या हाताला ते लागतच नाहीत. आमची खोकी मुलं घरी नेतात, आजीच्या डोळ्यांना लावतात, चहा सांडून आणतात. शिवाय खोक्याला पट्टा नसतो, ते हातांनी धरावं लागतं. हात वर असले की मान आपोआप सावकाश वळते आणि माणसाला कमी गरगरतं. पट्टा लावून दोन्ही हात मोकळे सोडणाऱ्यांना हे सांगूनही पटत नाही.

यंदा एका मुलीने गुऱ्हाळाची फिल्म केली. करवीर तालुक्यातली मुलगी, गुऱ्हाळ तिच्या मामाचं. कॅमेरा रस उकळायची काहील आणि पाक ओतायचा वाफा यांच्या मधे, ती स्वतः चिपाडाच्या गंजीमागे लपलेली. पहिल्या चित्रणात गूळ करणारा गुळव्या कॅमेऱ्याच्या इतका जवळ आला होता की दोन भिंगांची चित्रं जिथे सांधली जातात ती रेघ त्याच्या दंडातून गेली आणि हात कोपरापाशी तुटल्याचं दिसत होतं. लांब उभा केला तर चेहरा धूसर. आमचा कॅमेरा सगळीकडून मिळून ३८४० बिंदूंची रुंदी देतो. एका वेळी डोळ्यांपुढे साधारण ९० अंशांचा तुकडा येतो, म्हणजे जेमतेम ९६० बिंदू. गुळव्याच्या कपाळावरचा घाम दिसायचा तर तो दोन हातांवर हवा आणि सांधा त्याच्या अंगावरून जायला नको. त्यासाठी ती परत मामाकडे गेली.

फिल्मचा जीव एकाच क्षणात होता. पाक झाला हे गुळव्याला कळतं, तो हाक देतो, आणि काहील उचलून वाफ्यात उलटतात. तेवढं हुकलं तर बाकीच्या फिल्मला अर्थ नाही. सरावाच्या दोन सादरीकरणांत निम्मे जण ते हुकले. कुणी चुलवाणाचा जाळ बघत बसलं, कुणी वाफेतून पत्रा. ती वरून सांगत होती, उजवीकडे, मागे, अजून मागे. तिने आधी चढवलेलं संगीतही मधे मधे येत होतं.

शेवटच्या सादरीकरणाला तिने संगीत काढून टाकलं आणि स्वतः एक शब्द बोलली नाही. मी खुर्ची पडद्याकडे पाठ करून लावली होती, मला फक्त पाच माना दिसत होत्या. दोघे जाळाकडे बघत होते. खोक्यातल्या मोबाइलचा आवाज कुठून येतो ते कळत नाही, सगळं एकाच ठिकाणाहून ऐकू येतं, म्हणजे नुसत्या हाकेने माना वळायला नकोत. पण वळल्या. मी नंतर मोबाइल हातात धरून, बोटाने चित्र सरकवत, तो तुकडा पाहिला. गुळव्याची हाक येते तेव्हा चुलवाणाला जाळ घालणारा माणूस हातातलं चिपाड तसंच धरून थांबतो आणि काहिलीकडे बघतो. जाळ बघत बसलेल्या दोघांनी त्याची नजर पकडली आणि त्याच्यामागोमाग ते वळले. वर बघणारी मुलगी मात्र वाफ एकदम दाट झाली तेव्हा खाली आली. काहील उलटली तेव्हा पाचही माना एका दिशेला होत्या. तो माणूस तिथे बघतो हे मुलीला चित्रणाच्या वेळीच दिसलं होतं, म्हणून तर तिने आपला आवाज काढून घेतला. इतक्या वर्षांत मी पाहिलेलं हे सगळ्यात सुंदर सादरीकरण.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ‘हिने प्रेझेंटेशन कधी दिलं?’ गुणपत्रिकेत वक्तृत्वाला गुण आहेत आणि स्लाइडना आहेत. जाणूनबुजून गप्प राहण्याला नाहीत. ते गुण मिळवायला मी बरीच भांडले.

स्लाइडबद्दल मला बोलायचंच आहे. जवळपास प्रत्येक गट पहिल्या स्लाइडवर ‘क्लाउड्स ओव्हर सिद्रा’ टाकतो. जॉर्डनमधल्या झाअतारी छावणीतल्या बारा वर्षांच्या सीरियन मुलीवरची ही २०१५ची फिल्म. खाली ‘सहानुभूतीचं यंत्र’ हे शब्द, जे तिचा एक दिग्दर्शक ख्रिस मिल्क याने त्याच वर्षी एका भाषणात वापरले. फिल्म चांगली आहे. ते शब्द मला कधीच पटले नाहीत. खोकं माणसाला त्या जागी नेऊन बसवतं, एवढंच ते करतं. तिथल्या माणसांबद्दल काही वाटायचं असेल तर फिल्म करणाऱ्याने आधी तिथे राहायला हवं. एका दुपारी कॅमेरा तिवईवर ठेवून परतलेल्या गटाच्या फिल्ममध्ये सगळी माणसं कॅमेऱ्याकडे बघत असतात, आणि बघणारा तीन मिनिटं परका राहतो.

आता तरी गप्प राहण्याचा नियम करून टाकावा, असं मला वाटू लागलं होतं. बोलायचं ते खोकं लावण्याआधी, उरलेलं काढल्यानंतर. तेवढ्यात एका मुलाची तालमीची फिल्म आली. लाल माती, दोन पैलवान, कॅमेरा हौद्याच्या कडेला. ‘मॅडम, बोलू का नको?’ त्याने विचारलं. ‘तुला काय वाटतं?’ म्हटलं. तो बोलला, पण काय बोलला? ढाक. घिस्सा. एकेरी पट. डाव पडला की त्याचं नाव, बाकी काही नाही. आणि ते नाव कानावर पडल्यावर खोक्यातल्या मुलींचे, ज्यांनी आयुष्यात कुस्ती पाहिली नव्हती, खांदे हलायला लागले. नावांवाचून ती नुसती झोंबाझोंबी दिसली असती. इथे आवाज हवाच होता.

फरक कुठे आहे, यावर मी पूर्ण सत्रभर विचार करतेय. तालमीत मान एका जागी ठरलेली असते, डोळे काही शोधत नाहीत, त्यामुळे कान मोकळे असतात. गुऱ्हाळात डोळे शोधत असतात, तेव्हा बाहेरचा आवाज नको होतो. म्हणजे मान थांबली की बोलावं. पण माना पाच, आणि त्या एकदम कधीच थांबत नाहीत. एकाची थांबते तेव्हा दुसऱ्याची फिरत असते. एकाशी बोलावं तर दुसऱ्याची तंद्री मोडते. एकेकाला आळीपाळीने दाखवावं तर तीसजणांना सगळा दिवस जातो आणि बाहेरचे मोबाइल काढून बसतात. यावर माझ्याकडे उत्तर नाही. झोपताना डोळे मिटले तरी मला त्या पाच माना दिसतात.

एक झालं. माना वाचायला मी शिकले. खोकं लावल्यावर हनुवटी आधी वर जाते, जवळजवळ सगळ्यांचीच. कंटाळलेल्याची मान थांबते पण पाऊल हलत राहतं. उंचावरचं दृश्य आलं की पायाची बोटं बुटात आवळली जातात, चपलेत असली तर दिसतातच. ज्याला गरगरणार आहे तो आधी तोंडाने श्वास घ्यायला लागतो, खोकं धरलेल्या बोटांची पकड सैल होते. त्याने काही म्हणायच्या आत मी सांगते, ‘काढ ते. पाणी पी.’ तो चकित होतो, वर्ग चकित होतो. माझं नाव या मुलांत आता त्यासाठी घेतलं जातं आणि मला ते मनापासून आवडतं. चक्कर काय असते ते माझ्या कानांनी मला शिकवलं, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या सत्रात मी परीक्षकांचीही खुर्ची पडद्याकडे पाठ करून मांडणार आहे. त्यांना आवडो न आवडो.

आणि वाचकांना एक विनंती. घरात माळ्यावर, मुलांच्या जुन्या दप्तरात, कधी तरी भेट मिळालेलं पुठ्ठ्याचं व्हीआर खोकं पडलेलं असेल. टाकू नका. जवळच्या शाळेत किंवा माध्यम विभाग असलेल्या महाविद्यालयात नेऊन द्या. पुठ्ठा फाटला असला तरी चालेल, मुलं नवा कापून घेतात. भिंगांवर ओरखडे नसावेत, आणि दोन्ही एकाच खोक्यातली असावीत.